अँजिओप्लास्टी : टेबलावर जाण्याआधी आणि घरी आल्यावर

हृदयाच्या ब्लॉकविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं हृदयरोगतज्ज्ञ आणि कॅथलॅबमधल्या सहकाऱ्यांनी मिळून दिली आहेत. औषधांच्या मात्रा समजण्यापुरत्या आहेत. स्वतःची गोळी बदलायची असेल तर आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. पर्वती चढताना अर्ध्यावर छाती भरून येते, दोन मिनिटं थांबलं की जाते. पाच-सहा महिने असंच चाललंय. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली. आता अँजिओग्राफी सांगितली आहे आणि ‘ब्लॉक दिसला तर त्याच वेळी स्टेंट टाकू’ असंही म्हणाले. दोन्हींची सही आधीच द्यावी का?
— वाचक भगिनी, सहकारनगर

ठरावीक श्रमाने येणारा, थांबलं की जाणारा आणि महिनोन्‌महिने तेवढाच राहिलेला असा हा त्रास आहे. डॉक्टर याला स्थिर अंजायना म्हणतात. अँजिओप्लास्टीतून, म्हणजे हृदयाची अरुंद नळी आतून फुग्याने उघडून तिथे स्टेंट ही धातूची जाळी बसवण्यातून, काय मिळणार, हे त्रास स्थिर आहे की अटॅक आहे यावर अवलंबून असतं, म्हणून आधी तेवढं नीट समजून घ्या.

अटॅकमध्ये नळीच्या आतल्या चरबीच्या थराला तडा जातो, त्यावर रक्त गोठतं आणि नळी काही मिनिटांत बंद पडते. तिथे अँजिओप्लास्टी जीव वाचवते आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. स्थिर अंजायनात नळी वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद झालेली असते. तिथे अँजिओप्लास्टीने छातीतला त्रास कमी होतो आणि चालण्याची ताकद वाढते. पण त्यामुळे आयुष्य वाढतं, असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, त्यांत भारतातलेही होते. अर्ध्यांना औषधांबरोबर लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपासकडे नेलं, अर्ध्यांना आधी फक्त औषधांवर ठेवलं. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. अंजायना मात्र पहिल्या गटात जास्त कमी झाला, विशेषतः ज्यांना तो वारंवार होत होता त्यांच्यात.

या चाचणीत डाव्या मुख्य नळीत मोठा ब्लॉक असलेले आणि हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला बाहेर ढकललं जाणारं रक्त) ३५ टक्क्यांपेक्षा कमी असलेले रुग्ण घेतले नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लावता येत नाही. म्हणून अँजिओग्राफी करून घ्यावी. नळ्यांचं चित्र समोर असलेलं चांगलं. प्रश्न आहे तो त्याच बैठकीत स्टेंट टाकण्याचा. तपासणी सुरू असतानाच कोणीतरी कॅथलॅबच्या दाराशी येतं, स्क्रीनवर दोन खाचा दाखवतं आणि पाच मिनिटांत ‘हो की नाही’ विचारतं. पेशंट आत टेबलावर आणि मुलगा फोनवर, अशा वेळी घरच्यांच्या तोंडून ‘हो’च निघतं. हा निर्णय आदल्या दिवशी, खुर्चीत बसून घ्यायचा असतो.

आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा : ‘आज नाही केली, तर या महिन्यात जिवाला धोका आहे का?’ डाव्या मुख्य नळीत ५० टक्क्यांहून मोठा ब्लॉक, अलीकडे वाढत चाललेला किंवा बसल्या जागी येणारा त्रास, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याची खूण) वाढलेलं, यांपैकी काही असेल तर थांबू नका. तसं काही नसेल तर अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि अंजायनाची एक-दोन औषधं पुरेशा मात्रेत चार-सहा आठवडे देऊन पाहणं हा मान्य मार्ग आहे. औषधं चालू असूनही पर्वती अर्ध्यावरच थांबत असेल आणि एकाच नळीत स्पष्ट, मोठा ब्लॉक असेल, तर त्याच बैठकीत स्टेंट टाकणं सोयीचं; दुसऱ्यांदा सुई आणि डाय (नळ्या दिसाव्यात म्हणून सोडायचा द्रव) टळतो. ‘फक्त अँजिओग्राफीला संमती’ असं फॉर्मवर लिहून द्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

टक्केवारीबद्दलही थोडं. ती बहुतेक वेळा डोळ्यांच्या अंदाजाने सांगतात. ७० च्या पुढचा ब्लॉक महत्त्वाचा धरतात, पण ४० ते ७० मधला खरोखर रक्त अडवतो का, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी दाब मोजणारी तार नळीत घालून एफएफआर काढतात. आकडा ०.८० किंवा त्याखाली आला तर ब्लॉक अडथळा करतोय. वर असेल तर स्टेंट न टाकता औषधांवर राहणं सुरक्षित. आणि यजमानांना मधुमेह असून तिन्ही नळ्यांत ब्लॉक निघाले, तर अँजिओप्लास्टीआधी सर्जनचं मत घ्याच. अशा रुग्णांत बायपासचा फायदा जास्त टिकतो, हे २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत दिसलं आहे.

आत नेमकं काय करतात? भूल देतात का? किती दुखतं? आईला फार धास्ती वाटते आहे.
— कोथरूड, चिंचवड आणि हडपसरहून आलेली पत्रं

पूर्ण भूल देत नाहीत. आई जाग्या असतील, बोलू शकतील, डॉक्टरांनी ‘श्वास धरा’ म्हटलं तर धरायचा असतो. घास सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेक ठिकाणी चालतं. सकाळच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. साखरेच्या गोळ्या आणि इन्शुलिन मात्र विचारून, कारण उपाशीपोटी साखर खाली येते. बांगड्या, अंगठी, नेलपॉलिश काढून ठेवा. कॅथलॅब गार असते, अंगावर जाड चादर मागून घ्या.

उजव्या मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला नाडी लागते, तिथे बारीक सुईने बधिर करण्याचं औषध देतात. ही सुई चुणचुणते. पुष्कळांना सगळ्या प्रकारात हीच जास्त जाणवते. मग रक्तवाहिनीत एक छोटी नळी बसवतात, तिला शीथ म्हणतात. मनगटाची धमनी दोन-तीन मिलिमीटरचीच असते आणि ती चटकन आवळते, म्हणून शीथमधून ती सैल करणारं औषध सोडतात. तरी कधी कधी आवळते आणि कोपरापर्यंत कळ येते. तेव्हा सोसत न बसता सांगायचं, आणखी औषध देता येतं. काही जणांत, विशेषतः बुटक्या आणि बारीक चणीच्या वयस्कर स्त्रियांत, मनगटातून वाट मिळत नाही आणि जांघेतून जावं लागतं. यात कोणाचं काही चुकलेलं नसतं. दोन्ही जागा आधीच साफ करून ठेवतात त्या यासाठीच.

रक्त गोठू नये म्हणून वजनाप्रमाणे हेपॅरिन देतात. लांब कॅथेटर हृदयाच्या नळीच्या तोंडाशी टेकवून डाय सोडला की स्क्रीनवर नळ्या उमटतात. त्यातून ०.३६ मिलिमीटर जाडीची तार ब्लॉकच्या पलीकडे नेतात. तार पलीकडे गेली की निम्मं काम झालं. पूर्ण बंद आणि जुन्या नळीत हीच पायरी तासन्‌तास घेते. तारेवरून फुगा सरकवून ब्लॉकच्या जागी फुगवतात. आत हवा भरत नाहीत, सलाइन आणि डाय यांचं मिश्रण भरतात, आणि दाब १० ते २० अ‍ॅटमॉस्फिअर इतका नेतात. मोटारीच्या टायरमध्ये तो साधारण दोन असतो. फुगा फुगलेला असतो ती १०-२० सेकंदं त्या नळीतलं रक्त थांबतं, म्हणून छातीत नेहमीसारखंच भरून येतं. फुगा उतरवला की जातं. हे आईंना आधीच सांगून ठेवा; ‘आता अटॅक आला’ अशी भीती त्याच क्षणी वाटते.

मग दुसऱ्या फुग्यावर बसवलेला स्टेंट त्या जागी उघडतात. तो नळीच्या मापाचा निवडतात, सहसा सव्वादोन ते चार मिलिमीटर रुंद. शेवटी जास्त दाबाच्या फुग्याने तो भिंतीला नीट चिकटवतात. स्टेंट पूर्ण उघडला नाही तर पुढे तिथे रक्त गोठण्याचा किंवा ब्लॉक परत येण्याचा धोका वाढतो. डायच्या चित्रात हे दर वेळी कळत नाही, म्हणून डावी मुख्य नळी, लांब ब्लॉक किंवा फांदीच्या तोंडावरचा ब्लॉक असेल तर नळीच्या आतून पाहणारा आयव्हस किंवा ओसीटी वापरावा. खर्च वाढतो, पण या ठिकाणी तो योग्य आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्लॉकमध्ये चुना साठून दगडासारखा झाला असेल तर साध्या फुग्याने तो उघडत नाही. मग हिऱ्याचे कण लावलेला, मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेणारा रोटाब्लेटर किंवा ध्वनिलहरींनी चुना फोडणारा फुगा लागतो. ही शक्यता अँजिओग्राफीतच बरीचशी दिसते. आधी विचारलंत तर खर्चाचा धक्का बसत नाही.

साधं काम पाऊण-एक तासात उरकतं. बिघडतं काय? मनगटाला सूज किंवा रक्तस्राव हे सर्वांत जास्त दिसतं आणि बहुतेकदा दाबाने आटोक्यात येतं. डायची अ‍ॅलर्जी होऊ शकते. पूर्वी सीटी स्कॅनच्या वेळी पुरळ किंवा दम लागला असेल तर आधीच सांगा. नळीच्या आतल्या थराला चीर पडली तर बहुतेक वेळा स्टेंटनेच ती दाबून बसवतात. नळीला छिद्र पडणं, मेंदूत गुठळी जाणं, तातडीच्या बायपासची वेळ येणं हे क्वचित घडतं. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत जीव जाण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. अटॅकमध्ये, शॉकमध्ये, क्षीण पंपिंगमध्ये ते बरंच जास्त. संमतिपत्रावर सगळं एकाच ओळीत छापलेलं असतं, म्हणून ‘आमच्या पेशंटला यातलं काय लागू?’ असं मुद्दाम विचारावं.

वडिलांचं क्रिएटिनिन १.९ आहे. डायने किडनी जाईल का?
— बिबवेवाडी

धोका आहे, पण तो कमी करता येतो. नुसतं क्रिएटिनिन पाहू नका, वय धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती रक्त गाळते तो आकडा, विचारा. आधी आणि नंतर शिरेतून सलाइन देतात. पंपिंग कमी असेल तर बेतानं, नाहीतर फुप्फुसात पाणी भरतं. डाय शक्य तितका कमी वापरायचा आणि अनेक ब्लॉक असतील तर काम दोन बैठकांत करायचं. मेटफॉर्मिनची गोळी अशा रुग्णांत बंद ठेवतात आणि ४८ तासांनी किडनी तपासून मगच सुरू करतात. आठवडाभर आधीपासून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा दुखण्यावरच्या गोळ्या टाळा. घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा करा. रुग्ण घरी बरा दिसतो म्हणून ही तपासणी राहून जाते.

एका ठिकाणी ‘इंपोर्टेड स्टेंट चांगला, पण महाग’ असं सांगितलं. स्टेंटची किंमत सरकारने ठरवली आहे ना? आणि बिल तरीही एवढं कसं होतं?
— वाचक, धायरी

किंमत ठरवली आहे, आणि परदेशी-देशी असा भेद त्यात नाही. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली. ती दरवर्षी थोडी बदलते. एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ३८,९०० रुपये होती, जीएसटी वेगळा. याहून जास्त किंमत कोणत्याही कंपनीच्या स्टेंटला लावता येत नाही. बिलात स्टेंट वेगळ्या ओळीत, कंपनी, नाव आणि बॅच नंबरसह हवा. पाकिटावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या.

दर्जाचं म्हणाल तर आज सगळीकडे औषध लावलेलाच स्टेंट टाकतात. १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली ती नुसत्या फुग्याने. फुग्याने उघडलेल्या नळ्या दहांतल्या तीन-चार जणांत काही महिन्यांत पुन्हा अरुंद होत. साध्या धातूच्या स्टेंटने हे प्रमाण खाली आणलं, औषध लावलेल्याने ते दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आलं. पुढे तो टिकतो किती, हे कंपनीपेक्षा मापावर, तो किती नीट उघडला यावर आणि गोळ्यांवर जास्त ठरतं.

बिल फुगतं ते बाकीच्या गोष्टींनी : फुगे, तारा, गायडिंग कॅथेटर, आयव्हस, कॅथलॅबचं शुल्क, आयसीयूचे दिवस. अंदाजपत्रक घेताना तीन गोष्टी लेखी विचारा. पॅकेजमध्ये फुगे आणि तारा धरल्या आहेत का? दुसरा स्टेंट लागला तर फक्त स्टेंटची किंमत वाढेल की आणखी काही? पॅकेज किती दिवसांचं? मेडिक्लेममध्ये खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडलीत तर डॉक्टरांची फी वगैरे त्याच प्रमाणात कापतात. स्टेंट आणि औषधं या कपातीतून वगळलेली असतात. दाखल होतानाच पॉलिसीत बसणारी खोली घ्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. रुग्णालय योजनेत आहे का हे १५५३८८ वर विचारा, आणि रेशनकार्ड व आधार घेऊन दाखल होण्याआधीच तिथल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला भेटा. बिल रोखीने भरून झाल्यावर योजना लागत नाही, आणि बहुतेक कुटुंबं इथेच अडकतात. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला लागतो. समाजसेवा विभागात जाऊन ‘धर्मादाय खाट हवी’ असं त्याच शब्दांत सांगा.

मनगटातून झाली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. हात कधीपासून वापरू? कामावर ॲक्टिव्हाने जाते.
— वाचक भगिनी, वडगाव बुद्रुक

टाका नसतो, पण धमनीला छिद्र पडलेलं असतं, हे लक्षात ठेवा. मनगटावरचा पारदर्शक पट्टा हवेने फुगवलेला असतो. दोनेक तासांनी सिरिंजने थोडी थोडी हवा काढत तो सैल करतात. घरी आल्यावर आठवडाभर त्या हाताने भरलेली बादली, पाण्याचा कॅन, गॅस सिलिंडर उचलू नका. कणीक मळणं, ओले कपडे पिळणं, घट्ट झाकण उघडणं यात मनगट पिळवटतं, तेही नको. ॲक्टिव्हाचा ॲक्सिलरेटर नेमका उजव्याच मनगटाने पिळावा लागतो, म्हणून साधारण आठवडाभर दुचाकी बंद. मागे बसून जायला हरकत नाही. अटॅक येऊन गेला असेल तर गाडी चालवण्याचा काळ डॉक्टर पंपिंग पाहून ठरवतील.

घरी रक्त आलं तर बसा, हात वर धरा आणि अंगठ्याने जागेवर १०-१५ मिनिटं न उचलता दाबा. मध्ये मध्ये उचलून पाहिलं की पुन्हा सुरू होतं. थांबलं नाही, हात टणक सुजत चालला किंवा बोटं गार-निळी पडली, तर लगेच दवाखाना. हिरवं-निळं डाग कोपरापर्यंत उतरले आणि हात मऊ असला, तर ते दहा-पंधरा दिवसांत आपोआप जातं.

दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या किती दिवस? पित्त होतं म्हणून एक बंद केली तर? दाढ काढायची आहे, सासूबाई एकादशीला गोळ्या घेत नाहीत... 
— अनेक पत्रं

या उत्तरासाठी जागा जास्त घेतली आहे, कारण चांगली झालेली अँजिओप्लास्टी वाया जाते ती बहुतेकदा इथे.

स्टेंट हा रक्ताच्या दृष्टीने परका धातू. शरीर त्यावर आपलं आवरण चढवतं, पण त्याला महिने लागतात. आवरण पूर्ण होईपर्यंत उघड्या धातूवर रक्त गोठू शकतं, आणि ते हळूहळू होत नाही, मिनिटांत होतं. परिणाम मोठा अटॅक. हा धोका पहिल्या ३० दिवसांत सर्वांत जास्त, आणि त्याचं एक ठळक कारण म्हणजे गोळी बंद करणं. म्हणून अ‍ॅस्पिरिन ७५ मि.ग्रॅ. आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल ७५ रोज एकदा, किंवा टिकाग्रेलॉर ९० दिवसातून दोनदा, किंवा प्रासुग्रेल १०. ठरवून केलेल्या स्टेंटनंतर दोन गोळ्या साधारण सहा महिने, अटॅकनंतरच्या स्टेंटला साधारण वर्षभर. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांत डॉक्टर हा काळ कमी करतात. पुढे एक गोळी सहसा कायम चालते.

बाजारात अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली कॅप्सूल मिळते. तिच्या नावापुढे फक्त एक अक्षर जास्त असतं. दुकानात ते अक्षर नजरेतून सुटलं की अ‍ॅस्पिरिन बंद पडते आणि घरात कोणाला कळतही नाही. उलटही होतं : जुनी अ‍ॅस्पिरिनची पट्टी संपवायची म्हणून ती चालूच, वर एकत्र कॅप्सूल, म्हणजे मात्रा दुप्पट. औषध घरी आल्यावर पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेले घटक डिस्चार्ज कार्डाशी ताडून पाहा. दर महिन्याला.

पित्तासाठी गोळी बंद करायची नाही, पित्ताची गोळी घ्यायची. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळा. ती क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात. पॅन्टोप्राझोल चालतं. टिकाग्रेलॉरने काही जणांना बसल्या जागी लांब श्वास घ्यावासा वाटतो. हे औषधाने होतं आणि डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. दात घासताना थोडं रक्त, हातावर निळे डाग हे होणारच. शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा. लोहाच्या गोळीनेही ती काळी होते, तेही सांगा.

दाढ दोन्ही गोळ्या चालू ठेवून काढता येते. दंतवैद्यांना आधी सांगा. ते टाका आणि दाब देऊन रक्त थांबवतात. मोतीबिंदूचं ऑपरेशनही सहसा गोळ्या न थांबवता होतं. हर्नियासारखं थांबू शकणारं ऑपरेशन ठरलेली मुदत संपेपर्यंत पुढे ढकला. ‘पाच दिवस सगळं बंद करा’ असं कोणी म्हटलं तर स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या.

सासूबाईंना सांगा, ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं शास्त्रवचन आहे, त्यांत पाणी, कंदमुळं, फळं आणि दुधाबरोबर औषधही आहे. गोळी दूध किंवा राजगिऱ्याच्या लाडवाबरोबर घ्यावी. एखादी विसरलीच तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

स्टॅटिन ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं’ म्हणून थांबवू नका. स्टेंट नळीचे दोन-तीन सेंटिमीटर उघडतो. बाकीच्या नळ्यांचं राखण हीच गोळी करते. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) निदान ७० च्या खाली, शक्यतो ५५ च्या खाली हवं.

आम्ही सदाशिव पेठेत राहतो. विसर्जनाच्या रात्री छातीत दुखू लागलं तर काय करायचं? आणि माझा भाऊ वेल्ह्याला असतो, तिथे तर काहीच नाही.

छातीच्या मध्यभागी दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आणि हे दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, तर १०८ ला फोन करा. सेवा मोफत आहे. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर हे रस्ते त्या रात्री मिरवणुकीचे असतात; गाडी कोणत्या चौकापर्यंत येईल हे फोनवरच ठरवा, पोलिसांना आणि जवळच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगा, ते वाट करून देतात. पेशंटला चालवू नका, खुर्चीत बसवून न्या. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा पोटात रक्तस्राव नसेल तर ३०० ते ३२५ मि.ग्रॅ. अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली असेल तरच सॉर्बिट्रेट (नळ्या सैल करणारी गोळी) जिभेखाली, बसवून. बीपी कमी असेल किंवा एक-दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतलेली असेल तर मुळीच नको.

आजच ठरवून ठेवा : मिरवणुकीच्या रस्त्यांच्या तुमच्या बाजूला, रात्री कॅथलॅब चालू असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं. ईसीजीत मोठा अटॅक दिसल्यापासून १२० मिनिटांच्या आत नळी उघडता येत असेल तर थेट अँजिओप्लास्टी उत्तम. वेल्ह्याहून किंवा भोरच्या आतल्या गावांतून हे जमेलच असं नाही. तिथे भावाने पुण्याकडे गाडी दामटण्याआधी जवळच्या, ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात थांबावं. हे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सर्वांत चांगलं काम करतं. ते घेऊन मग पुण्याला यायचं. पुढच्या २४ तासांत अँजिओग्राफी करतात. शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून बीपी फार चढलेलं असेल किंवा पूर्वी पॅरालिसिस झाला असेल तर डॉक्टर ते टाळतात.

ब्लॉक विरघळवणारा काढा मिळतो. दुधी भोपळ्याचा रस रोज घेतोय. चालू ठेवू?
— कात्रज

काढ्याने ब्लॉक विरघळत नाही. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही घेऊ नका. त्यातल्या विषारी द्रव्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. दुधीची भाजी खुशाल खा.

स्टेंट असताना एमआरआय चालतो का?
— औंध

चालतो. आजचे स्टेंट १.५ आणि ३ टेस्ला दोन्ही मशीनमध्ये सुरक्षित असतात, थांबायचीही गरज नाही. स्टेंटचं कार्ड दाखवा. विमानतळावरची कमानही काही करत नाही.

वडील ६६ वर्षांचे. फेब्रुवारीत अटॅक, एक स्टेंट, पंपिंग ४० टक्के. त्यांची वारी आजवर चुकलेली नाही. यंदा माउलींबरोबर चालायचंच म्हणतात. पाठवू का?
— वाचक, आळंदी रोड

निघण्याच्या निदान महिनाभर आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा करा. अटॅकनंतर पंपिंग पुष्कळदा सहा आठवडे ते तीन महिन्यांत थोडं सुधारतं. दुसऱ्या नळीत ब्लॉक उरला आहे का, ते डिस्चार्ज कार्डावर पाहा. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्ट्रेस टेस्ट. तीत छाती न भरता, बीपी न पडता, ठोके न चुकता ठीक चालले, तर सपाटीवरचे टप्पे चालायला सहसा अडचण नसते. सराव आत्तापासून : रोज अर्धा तास, दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवत, चालता चालता अभंग म्हणता येईल इतक्याच वेगाने.

पंपिंग ३५ च्या खाली गेलं, पाय सुजत असतील किंवा आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर यंदा पायी नाही. गाडीने पंढरपूर.

चालणार असतील तर पुणे ते सासवड हा टप्पा टाळा. तो वारीतल्या सर्वांत लांब टप्प्यांपैकी आहे आणि शेवटी दिवे घाटाची चढण येते. पुण्यात पालखीचा मुक्काम असतो तेव्हा त्यांना घरी आणा, बीपी आणि वजन पाहा आणि गाडीने सासवडला सोडा. तिथेही मुक्काम असतो, आराम मिळेल. गोळ्या दोन ठिकाणी ठेवा : आठवडाभर पुरतील एवढ्या कमरेच्या पिशवीत, बाकीच्या दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात, दोन्ही प्लास्टिकमध्ये, कारण पाऊस हमखास. लघवीची गोळी चालू असेल तर उन्हात चालण्याच्या दिवशी तिची मात्रा काय, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. घाम आणि ती गोळी मिळून बीपी पडतं, चक्कर येते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो त्यांच्या आणि दिंडीतल्या एका जाणत्या माणसाच्या मोबाइलमध्ये ठेवा. वाटेवर आरोग्य विभागाची पथकं आणि १०८ च्या गाड्या असतात. छाती भरली तर टाळ खाली ठेवून तिथेच बसायचं आणि शेजारच्या वारकऱ्याला सांगायचं, हे निघण्याआधी त्यांच्याकडून कबूल करून घ्या.